पद्मिनीच्या दारातून येणारं पाणी: फोंड्यातल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. पहिल्यापासून एकाच घरात, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. मालक एका हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना इथं नुसतं सर म्हणतो, नाव गाव नको. गाडी शोभेची नाहीये, सर ती आठवड्यातून दोनतीनदा तरी बाहेर काढतात, बाजार, देऊळ, मडगावला मुलीकडे. घरापुढे शेड आहे पण ती गाडीच्या नाकापासून ड्रायव्हर सीटपर्यंतच पुरते, मागचा भाग आणि वारा असला की डावी बाजू पूर्ण पावसात. आणि गोव्यातला पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये 3000 मिमीच्या आसपास, तोही सरळ पडत नाही, नैऋत्येकडून आडवा येतो.

दोन वर्षांपूर्वी आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, रिन्यू करायची होती (15 वर्षं झाली की प्रायव्हेट गाडीला दर पाच वर्षांनी ते करावं लागतं) म्हणून सरांनी गाडीचं डेंटिंग पेंटिंग करून घेतलं. कुठल्या गॅरेजात ते लिहित नाही, त्याने फरकही पडत नाही, कारण तिथे जे झालं ते बहुतेक ठिकाणी होतं. पेंटसाठी दारांचे पॅड (दाराला आतून असतं ते रेक्झिन चढवलेलं आवरण) काढले, रबर काढून फेकलं, नवीन बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, लावलं, पॅड परत बसवले, गाडी चकाचक. पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, झालं. पहिल्या पावसात आत पाणी.

ज्यांनी ही गाडी शेवटी नीट केली ते एक जुने टिंकर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, आसपासचे सगळे त्यांना मामा म्हणतात. मी मधला माणूस, म्हणजे टॉर्च धरणारा, पाइप धरणारा आणि लिहून ठेवणारा.

अडचण नेमकी काय होती

सरांची तक्रार एका वाक्यात होती, "दारातून पाणी येतं." पण बसून विचारल्यावर त्यातून चार वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या आणि माझ्या मते या प्रकरणातलं निम्मं काम तिथेच झालं.

एक, पुढच्या डाव्या बाजूला पायाखालचं कार्पेट ओलं. गाडी उभी असतानाही. रात्रभर पाऊस पडला की सकाळी मॅट उचलल्यावर खाली डबकं. दाराच्या पॅडची खालची कड फुगलेली, हार्डबोर्डची पापडी झालेली, रेक्झिन सुटलेलं, आणि त्यावर बुरशी.

दोन, ड्रायव्हर साइडला उभ्या गाडीत काही नाही, पण पावसात चालवताना त्रिकोणी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेट सरांच्या उजव्या गुडघ्यावर. सर म्हणाले धोतर नेसून चालवायचो तेव्हा कळायचं नाही, पॅण्ट घातल्यावर लक्षात आलं.

तीन, मागचं डावं दार उघडबंद करताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज. केबिन कोरडी. म्हणून याची तक्रार सरांनी कधी केलीच नव्हती, मामांनी दार हलवून बघितलं तेव्हा कळलं.

चार, कुबट वास, तो सगळीकडे, आणि काच आतून धुकट होणं. हा रोग नाही, बाकीच्यांचं लक्षण.

आधी झालेले उपाय

पासिंगनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सर त्याच गॅरेजात गेले होते. तिथे निदान झालं की रबर बरोबर नाही, म्हणून आणखी जाड रबर लावलं. बाजारात मीटरवर मिळतं ते, पोकळ फुग्याचं. आता दार लागेना, मग स्ट्रायकर (चौकटीवरचा तुकडा, ज्यात दाराचं लॉक अडकतं) बाहेर सरकवला, दार लागायला लागलं पण आपटून. पाणी येतच राहिलं. मग सिलिकॉन आणलं आणि दाराच्या चौकटीला, पॅडच्या कडेला, त्रिकोणी काचेभोवती, आणि दाराच्या खालच्या कडेलाही, सगळीकडे फिरवलं. हे शेवटचं सगळ्यात वाईट होतं, ते का ते पुढे येईल.

म्हणजे आमच्याकडे आली तेव्हा गाडीवर दोन थर उपायांचे होते आणि मूळ कारण त्याखाली. असं असलं की पहिला निर्णय हा घ्यावा लागतो की आधीचं सगळं काढायचं की त्यावरच पुढे जायचं. सरांना वाटत होतं की निदान नवीन रबर तरी राहू दे, पैसे गेलेत. मामा म्हणाले, "पयलीं उदक खंयच्यान येता तें पळोवया, मागीर रबर." आधी पाणी कुठून येतं ते बघू, मग रबर. म्हणजे काढायचं का ठेवायचं हे आत्ता नाहीच ठरवायचं. मला हे फार पटलं, कारण लोक इथेच भांडत बसतात.

दाराच्या आत पाणी जाणारच

हे इथे सांगून टाकतो कारण सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे आणि सरांनाही हे समजवायला वेळ लागला. वरखाली होणारी काच आहे म्हणजे तिच्या बाहेरच्या बाजूला जी पट्टी काचेला घासते ती कितीही नवीन असली तरी पाऊस तिथून दाराच्या पोटात उतरतो. ते गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. पाणी काचेवरून आत येतं, आतल्या पत्र्यावरून खाली जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांमधून रस्त्यावर पडतं. दार म्हणजे खाली भोकं असलेली कुंडी, ती ओली होणं हा दोष नाही, तुंबणं हा दोष.

आणि हे पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराचा आतला पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये एक आडोसा असतो, प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, काचेची मशीन आणि लॉक बसवायला हात जावा म्हणून. तो कागद ती भोकं झाकतो. त्याची खालची कड दाराच्या आत वळवलेली असते म्हणजे त्यावर पडलेला थेंब परत दाराच्या पोटातच जातो. पॅडला हात लावणारा प्रत्येक माणूस हा कागद फाडतो. आणि बाहेरून दिसत नाही म्हणून परत कोणी लावत नाही.

चौकटीवरचं रबर वेगळं काम करतं, ते दार आणि बॉडी यांच्यामधली फट बंद करतं. दाराच्या पोटातून पॅडवाटे येणाऱ्या पाण्याचा त्या रबराशी काडीचा संबंध नाही. जगातलं सगळ्यात महाग रबर लावा, कार्पेट ओलंच राहणार.

शोध

पहिल्यांदा पुढच्या डाव्या दाराचं पॅड काढलं. कागद नव्हताच. कडेला जुन्या चिकट डांबराचे डाग तेवढे होते, म्हणजे कंपनीतून होता, पेंटच्या वेळी गेला. पॅडच्या क्लिपा मोडलेल्या म्हणून त्याजागी सरळ पत्र्यात स्क्रू मारलेले, आणि खालच्या रांगेतल्या प्रत्येक स्क्रूभोवती गंजाची रेघ. इथे काहीजण म्हणाले असते की मिळालं कारण, कागद लावा आणि सोडा. मामांनी थांबवलं. कागद नाही हे खरं, पण कागद नसलेल्या शंभर गाड्या गोव्यात फिरतात, त्या सगळ्यांत डबकं होत नाही. एवढं पाणी का?

मग दार उघडं ठेवून काचेच्या बाहेरच्या बाजूने मगाने पाणी ओतलं. खालून लगेच यायला हवं. आलं, पण फक्त पुढच्या भोकातून. गॅरेज सपाट जमिनीवर, तिथे पाइप लावून बराच वेळ पाणी मारलं तर पॅडच्या जागी एकदोन थेंब, त्यापेक्षा जास्त काही नाही. सर वैतागले, घरी तर रोज भिजते.

दुसरा महत्त्वाचा निर्णय इथे झाला, की टेस्ट सरांच्या घरी करायची, गाडी जिथे जशी उभी राहते तशी. आणि तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळालं. सरांचा उंबरठ्याकडे जाणारा रस्ता चढाचा आहे, गाडी नाक वर करून उभी राहते. म्हणजे दाराच्या पोटातलं पाणी पुढच्या भोकाकडे न जाता मागच्या कोपऱ्याकडे जातं, आणि मागच्या कोपऱ्यातलं भोक लांबी (रंगाआधी भरतात ती पुट्टी) आणि सिलिकॉनने बंद. पाणी तुंबत तुंबत खालच्या स्क्रूच्या भोकांच्या पातळीला आलं की आतमध्ये. सपाट जागेवर गाडी ठेवली असती तर हे कधीच सापडलं नसतं. त्यामुळे कोणी गाडी दाखवायला आणली की मी आता पहिला प्रश्न विचारतो, कुठे उभी करता आणि कुठल्या बाजूला उतार.

पाइपची पद्धत थोडी सविस्तर सांगतो. नोझल काढून टाकायचं, पाण्याला जोर नको, प्रेशर वॉशरने तर नवीन गाडीतही पाणी घुसवता येतं आणि त्यातून काही कळत नाही. एक माणूस आत टॉर्च घेऊन, सगळं कार्पेट बाहेर काढून, पत्रा कोरडा पुसून. बाहेरच्याने खालून सुरुवात करायची, दाराची खालची कड, मग मधला भाग, मग काचेची पट्टी, मग वरची चौकट, शेवटी छताची पन्हळ. प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठलं कुठून आलं ते सांगताच येत नाही. घाई करणारे इथेच फसतात.

या पद्धतीनेच अजून एक गोष्ट बाहेर आली. डाव्या दाराची काचेपर्यंतची टेस्ट झाली, दार आता समजलं होतं, बंद करणार होतो, पण मामांनी पाइप पुढच्या मोठ्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायला सांगितला. आतून मी बघतोय तर डॅशबोर्डच्या खाली, दाराच्या खांबाच्या आतून एक बारीक धार, खांबावरून खाली आणि बरोबर त्याच कार्पेटच्या कोपऱ्यात. म्हणजे डाव्या पायाखालचं पाणी एकाचं नव्हतं, दोघांचं होतं. नुसतं दार करून गाडी परत दिली असती तर कार्पेट अर्धं ओलं राहिलं असतं आणि सर म्हणाले असते की यांनीही फसवलं.

चौकटीच्या रबरासाठी खडूची टेस्ट केली. सरांच्या घरी खडूचा तोटा नाही, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी कपाटात डबा आहे. रबराला खडू घासायचा, दार हळू बंद करायचं, उघडायचं आणि दाराच्या कडेवर खडू कुठे उमटला ते बघायचं. बिजागरीच्या बाजूला जाड पट्टा, म्हणजे तिथे रबर चेपून मरतंय. लॉकच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, काहीच नाही. जाड रबराने एका टोकाला दार ढकललं आणि दुसऱ्या टोकाला फट पाडली. जिथे शंका आली तिथे पेपरची पट्टी दारात धरून ओढूनही बघितलं, खालच्या कोपऱ्यात ती सरळ निसटली.

उघड्या दाराचं टोक धरून वर उचललं तर हललं. बिजागरीची पिन झिजलेली. म्हणजे दार खाली लोंबतंय, आणि लोंबणाऱ्या दाराला कुठलंच रबर बरोबर बसत नाही.

ड्रायव्हर साइडची त्रिकोणी काच: रबर आखडून खालच्या पुढच्या कोपऱ्यात फट, आणि तिचा छोटा खटका सैल, त्यामुळे काच बंद असली तरी दाबून बसत नाही. उभ्या गाडीत पाणी येत नाही कारण शेडचा पत्रा बरोबर त्याच्यावर आहे. चालत्या गाडीत वारा पाणी त्या फटीत दाबतो.

मागचं डावं दार: तळाची सगळी भोकं बंद. वायर घालून लांबी फोडल्यावर जे पाणी आलं ते चहाच्या रंगाचं होतं.

कुठले पर्याय होते

सरांसमोर आम्ही जे ठेवलं ते असं.

नवीन रबराचा पूर्ण सेट मुंबईहून. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, किंवा जुन्या पद्मिनीचे पार्ट ठेवणाऱ्यांकडे अजून मिळतो. पण मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोपर्यंत हा माल धो धो निघायचा, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि आता जे मिळतं त्यात चांगलं वाईट निवडून घ्यावं लागतं. काही रबर इतकं कडक असतं की बसवतानाच कोपऱ्यात तडकतं. आणि मुख्य म्हणजे डाव्या दाराचा प्रश्न यातून सुटत नाही.

भंगारातलं दार आणणं. एका मित्राने सुचवलं. कोकण किनारपट्टीवरचं भंगारातलं दार म्हणजे दुसऱ्याचा गंज विकत घेणं, हा पर्याय लगेच गेला.

पावसाळाभर गाडी बंद ठेवणं. हा हसण्यावारी नेण्यासारखा पर्याय नाही, गोव्यात कितीतरी जुन्या गाड्यांचे मालक मे अखेरीस बॅटरी काढून गाडी झाकतात ती चतुर्थीला काढतात. पण पूर्ण बंदिस्त जागा असेल तरच. अर्ध्या शेडमध्ये प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवली तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि उघड्या गाडीपेक्षा जास्त गंजते. सरांकडे बंद गॅरेज नव्हतं, आणि त्यांना चालवायची होती.

सिलिकॉन परत मारणं. सरांनी विचारलं होतं, चांगल्या क्वालिटीचं आणलं तर? मामांनी सरळ नाही म्हटलं. बाजारातलं स्वस्त सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं. पेंटच्या वेळी परत त्रास, सिलिकॉन लागलेल्या जागी रंग धरत नाही. आणि ते पाणी अडवतं, पण आत येणारं आणि बाहेर जाणारं यात फरक करत नाही.

दार उघडून क्रमाने सगळं करणं. बिजागरी, मग स्ट्रायकर, मग रबर, आणि आतून भोकं, कागद, पॅड. पार्टचा खर्च कमी, मजुरी आणि वेळ जास्त. हेच ठरलं.

यात एक उपनिर्णय होता ज्यावर बराच वाद झाला. दाराच्या तळाला गंज होता, डाव्या पुढच्यात स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. सर म्हणाले एकदाच सगळं करून टाका, पत्रा कापा, वेल्डिंग करा, रंग मारा. महिना जुलै. मामांचं म्हणणं, या हवेत पत्रा कधी कोरडा होणार, ओल्या पत्र्यावर प्रायमर मारला तर गंज रंगाच्या खाली जिवंत राहतो आणि दोन वर्षांत फुगून वर येतो. त्यामुळे पाणी थांबवायचं काम आत्ता, पत्र्याचं काम दसऱ्यानंतर. सरांना दोनदा गाडी द्यायची म्हणजे कटकट वाटली पण ऐकलं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता.

काय केलं

बिजागरीच्या पिना आणि बुश कुंडईच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. दार उचलून धरलं, बसवलं, आता टोक हलत नव्हतं. मग स्ट्रायकर मूळ जागी आणला, जुन्या रंगाची खूण होती म्हणून सोपं गेलं. मग ते जाड रबर काढलं, सर तेव्हा काही बोलले नाहीत. मुंबईहून आलेलं पातळ मऊ रबर लावलं, जोड खाली नाही, वर बिजागरीच्या बाजूला आणि ओढून न लावता थोडं दाबून, कारण ओढून लावलं की ते पुढे आखडतं. परत खडू. सगळीकडे सारखी रेघ. दार आता एका बोटाने ढकलून लागायला लागलं.

तळाची भोकं वायरने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ केली. आत काय निघालं, माती, झाडाची पानं, काचेच्या पट्टीची कुजलेली फेल्ट, एक नाणं. फेल्टचा लगदाही भोक बुजवतो हे मला आधी माहीत नव्हतं. बाहेरची काचेची पट्टी दगडासारखी कडक झाली होती, ती बदलली, अगदी तशीच मिळाली नाही, दुसऱ्या गाडीची केसाळ पट्टी लांबीला कापून बसवली. काच वर नेताना घासत नाही ना ते बघून घेतलं.

कागद: बांधकामात वापरतात ते जाड प्लास्टिक घेतलं. पॅड जमिनीवर ठेवून त्यापेक्षा मोठं कापलं. काच फिरवायच्या हँडलच्या दांड्यासाठी मोठं भोक न पाडता छोटी फुली मारली म्हणजे प्लास्टिक दांड्याला घट्ट बसतं. पत्र्याची कड थिनरने पुसून काळी ब्युटाईल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) फिरवली, तीन बाजूंनी अखंड. खालची कड मात्र आतल्या पत्र्याच्या खालच्या लांब भोकातून दाराच्या पोटात सोडली आणि भोकाच्या बाहेर टेपने धरली. लोक चारही बाजू सील करून मोकळे होतात, मग प्लास्टिकच्या आतल्या अंगावर आलेलं पाणी खाली साठतं आणि जिथे टेप कमजोर तिथून बाहेर येतं. ब्युटाईल टेप घेण्याचं कारण हे की ती लवकर कडक होत नाही, पुढे लॉक किंवा मशीन करायला प्लास्टिक सोलून परत चिकटवता येतं. म्हणजे पुढचा मेकॅनिक ते फाडून फेकणार नाही अशी निदान आशा.

पत्र्यात मारलेले स्क्रू काढले, त्या जागी परत क्लिपा. हार्डबोर्ड वाचवण्यासारखा नव्हता, 3 मिमी मरीन प्लाय घेतला, दोन्ही बाजूंनी आणि कडेला वॉर्निश, आणि जुनंच रेक्झिन धुऊन वाळवून परत चिकटवलं. नवीन रेक्झिन स्वस्तात आलं असतं पण त्या जुन्या विणीचं मिळत नाही, आणि सरांच्या घरात जुनं टाकायची पद्धत नाही.

त्रिकोणी काचेचं रबर बसवणं हे सगळ्यात चिवट काम. चौकट काढावी लागली. नवीन रबर गरम पाण्यात ठेवून मऊ केलं, साबणाच्या पाण्याने बसवलं, बुडाला न सुकणारा काळा मॅस्टिक. खटक्याच्या खाली पातळ वॉशर घातला म्हणजे काच आत ओढली जाते. नुसतं रबर बदललं असतं तर अर्धंच काम झालं असतं, खटका सैल राहिला असता.

पुढच्या काचेच्या कोपऱ्याला तेव्हापुरतं रबर उचलून आत पातळ, न सुकणारा सीलंट सोडला. पूर्ण रबर बदलायला काच काढावी लागते, जुनी काच काढताना तडकायची भीती, आणि पावसात तो धोका घ्यायचा नाही असं ठरलं.

निकाल

काम झाल्यावर लगेच पाइपची टेस्ट सरांच्या घरी, त्याच चढावर. डावं दार कोरडं, मागच्या भोकातून धार बाहेर. पण पाइप तो पाइप, खरी परीक्षा फोंडा ते बोरी पुलावरून मडगाव, ऐन ऑगस्टच्या पावसात. सर चालवत होते, मी डाव्या बाजूला वर्तमानपत्र पायाखाली घालून. वर्तमानपत्र कोरडं. सरांचा गुडघा कोरडा. त्रिकोणी काचेजवळची वाऱ्याची शिट्टीही गेली, ती इतकी वर्षं होती की सरांना वाटायचं पद्मिनीचा आवाजच तसा.

सगळंच काही सुटलं नाही. मागच्या डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून जोराच्या पावसात वेग घेतला की दोनचार थेंब येतात. तिथे चौकटच किंचित बाहेर वाकलेली आहे, ती वाकवून आत घ्यायची म्हणजे रंग तडकणार, सरांनी म्हटलं राहू दे. मलाही ते बरोबर वाटतं.

कार्पेट वाळायला काम संपल्यावरही बरेच दिवस गेले. खालचा नमदा स्पंजसारखा पाणी धरून असतो, तो बाहेर काढून वाळवला नसता तर गळती थांबूनही वास राहिला असता आणि कोणी म्हटलं असतं अजून गळतंय.

नोव्हेंबरमध्ये पत्र्याचं काम झालं. डाव्या पुढच्या दाराचा तळ कापून नवीन पट्टी वेल्ड केली, भोकं मूळ जागीच पाडली, झिंक प्रायमर, आणि आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंज रोखणारं मेण. वॅक्स मारून झाल्यावर भोकात परत वायर घातली कारण वॅक्सही ती बंद करतं. तेव्हाच पुढची काच काढून नवीन रबर बसवलं, काच तडकली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट पेंटच्या वेळची आहे. पॅड काढले तेव्हाच सरांनी किंवा त्यांच्या वतीने कोणीतरी बघितलं असतं की कागद परत लागतोय का आणि भोकं उघडी आहेत का, तर पुढचं काहीच झालं नसतं. पेंटरला दोष देऊन उपयोग नाही, त्याला गुळगुळीत कड हवी असते, लांबी खाली ओघळून भोकात बसते आणि वरून रंग मारला की ते भोक होतं हेही कळत नाही. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक काचेवर एक मग पाणी ओतून खालून येतं का बघणं, एवढं पैसे द्यायच्या आधी करता येतं.

दुसरं, पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा पार्ट आधी आणि तपासणी नंतर असा क्रम झाला. रबर बदलायच्या आधी खडूची टेस्ट केली असती तर लोंबणारं दार तेव्हाच सापडलं असतं आणि जाड रबराचे पैसे वाचले असते.

तिसऱ्या गोष्टीवर मामांचं आणि माझं अजून एकमत नाही. मला वाटतं पुढच्या काचेचं रबर ऑगस्टमध्येच बदलायला हवं होतं, कारण तात्पुरता सीलंट चतुर्थीच्या सुमारास एका ठिकाणी सुटला आणि डॅशबोर्डखाली परत ओल आली, थोडीच, पण सरांचा जीव टांगणीला. मामा म्हणतात काच तडकली असती तर पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली असती. दोघांचंही खरं आहे. मोठी, परत न मिळणारी काच असेल तर मी आज मामांच्या बाजूने झुकेन.

उजवं मागचं दार अजून उघडलेलंच नाही. त्याची भोकं वाहतात, आवाज नाही, पॅड फुगलेलं नाही, पण आत कागद आहे का नाही हे कोणालाच माहीत नाही. सरांनी मे महिन्यात ते उघडायचं ठरवलंय, ब्युटाईल टेपचा अर्धा रोल त्यासाठीच ठेवलाय.